महाराजबागेतला वाघ

आमच्या यवतमाळकडच्या कितीतरी मुलांनी आयुष्यातला पहिला वाघ पाहिला तो नागपूरच्या महाराजबागेत. आता जिल्ह्यातच टिपेश्वरला वाघ दिसतात, ती गोष्ट वेगळी.

ही बाग नागपूरकर भोसल्यांची. १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले, डलहौसीनं राज्य खालसा केलं आणि बागही इंग्रजांच्या ताब्यात गेली. १८९४ मध्ये तिथं प्राणिसंग्रहालय सुरू झालं. आज ते अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. वाघ, बिबट, अस्वल, हरणं, मोर आणि जुनी झाडं, हे इथलं आकर्षण.

पूर्वी पिंजरा बांधायचा तो बघणाऱ्याच्या सोयीनं. १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं आणि प्राण्याच्या सोयीचा विचार सक्तीचा झाला. त्या मोजमापात महाराजबाग कमी पडली. २०१८ मध्ये प्राधिकरणानं तिची मान्यता काढून घेतली, तरी बाग बंद पडली नाही. पुढे २६ जानेवारी २०२१ ला शहराच्या कडेला गोरेवाड्याचं मोठं प्राणिउद्यान खुलं झालं. मग ही जुनी बाग हवी कशाला, असं कुणी विचारेल.

मला साहेबराव आठवतो. २०१२ मध्ये चंद्रपूरच्या जंगलात शिकाऱ्यांच्या सापळ्यात या वाघाचा पंजा जायबंदी झाला. त्याला काही वर्षं महाराजबागेनं सांभाळलं, नंतर गोरेवाड्यानं. २०२० मध्ये डॉक्टरांनी त्याला कृत्रिम पाय बसवून पाहिला, पण त्यानं तो झटकून टाकला.

दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्यातली. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव भागात अवनी वाघीण मारली गेली. माणसं दगावली होती, शेतात जायची भीती होती, गावकऱ्यांचा संताप खोटा नव्हता. तिची मादी बछडी पकडून पेंचला नेली, मोठ्या कुंपणात शिकार करायला शिकवली. मार्च २०२१ मध्ये तिला जंगलात सोडलं आणि थोड्याच दिवसांत दुसऱ्या वाघिणीशी झालेल्या झुंजीत ती जखमी होऊन मेली.

म्हणजे पिंजऱ्याचं दार उघडलं की प्रश्न सुटला, असं नाही. राजेरजवाड्यांनी हौसेखातर जनावरं पाळली. आज पिंजऱ्यात येणारी कित्येक जनावरं आपल्या सापळ्यांमुळे आणि जंगल आक्रसल्यामुळे येतात. 'वाघ पकडून न्या' असं आपण म्हणतो, तेव्हा त्याला कुठंतरी ठेवावं लागतं, रोज मांस घालावं लागतं, औषधपाणी करावं लागतं. तो खर्च उपकार नाही, आपली देणेदारी आहे.

नातवंडांना घेऊन महाराजबागेत जाल, तर वाघ दाखवाच. पण तो तिथं कसा आला, तेही पाटीवर वाचून त्यांना सांगा. पाटी नसेल तर तिथल्या माणसाला विचारा.