पूल बांधणारा चित्रकार

१९९६ च्या जुलैत अटलांटा ऑलिम्पिकची ज्योत मोहंमद अलींनी थरथरत्या हाताने पेटवली, तेव्हा आपल्यापैकी कित्येकांचे डोळे भरून आले. ज्या मनोऱ्यावर ती ज्योत चढली, तो कुणी घडवला हे मात्र कुणी विचारले नाही. तो सियाह अर्माजानी यांचा.

त्यांचा जन्म तेहरानचा, १९३९ चा. १९५३ साली अमेरिका आणि ब्रिटनने मोसद्दिक यांचे सरकार उलथवले. तरुण अर्माजानी मोसद्दिक यांच्या बाजूचे. शहाच्या राजवटीत मुलाचे बरेवाईट होईल या धास्तीने घरच्यांनी १९६० साली त्यांना परदेशी धाडले. कुठे, तर अमेरिकेलाच! मिनेसोटात ते तत्त्वज्ञान शिकले. त्यांची सुरुवातीची चित्रे म्हणजे फारसी अक्षरांनी गच्च भरलेले कापड. एकावर हाफिज आणि रूमी. रोज फळ्यावर उर्दू लिहिणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाला ती लगेच आपली वाटतात. पण ते तिथेच थांबते, तर ‘पूर्वेकडचा खुशनवीस’ म्हणून पश्चिमेने त्यांना कौतुकाने एका कोपऱ्यात बसवले असते. असा कोपरा मराठीत लिहिणाऱ्या आपल्या लोकांनाही अनोळखी नाही.

अर्माजानींनी लाकूड आणि लोखंड हाती घेतले. १९७० साली मिनेसोटात त्यांनी ९१ फूट लांब, छप्पर असलेला लाकडी पूल बांधला. खाली नदी नाही, ओढा नाही. मधोमध एक लहानसे झाड. झाडापाशी पूल पायऱ्यांनी वर चढतो आणि पलीकडे उतरतो. एका झाडासाठी एवढा खटाटोप? मला त्यात अदब दिसते.

पुढचा पूल खऱ्या गरजेचा होता. मिनियापोलिसमध्ये सोळा पदरी रहदारीने बाग आणि शिल्प-उद्यान यांची ताटातूट केली होती. १९८८ साली अर्माजानींनी ती दोन टोके पादचारी पुलाने जोडली: एक कमान वर उचललेली, दुसरी खाली झुकलेली. तुळयांवर कवी जॉन ॲशबेरींची कविता. ती वाचायची तर पूल चालून जावा लागतो. कलावंताने स्वतःचे मन दाखवत बसण्यापेक्षा लोकांच्या उपयोगी पडावे, असे ते मानत. म्हणून त्यांनी वाचनकक्षही बांधले.

इराकमधील फलुजा शहर २००४ साली उद्ध्वस्त झाले, तेव्हा त्यांनी पिकासोच्या ‘गेर्निका’ची आठवण देणारे काचेचे घर उभारले. अमेरिकेचा नागरिक अमेरिकेच्याच युद्धाबद्दल बोलत होता.

ऑगस्ट २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. आदल्याच वर्षी तो झाडावरचा पूल न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनला पुन्हा बांधला गेला होता. झाड अर्थात दुसरे.