जुहूचा विमानतळ आणि भरतीचे पाणी

विमानतळ म्हटले की आज विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे काचेच्या भव्य इमारती येतात. भारतातील पहिला नागरी विमानतळ मात्र १९२८ मध्ये जुहूला, भरतीच्या गाळावर सुरू झाला. जुहू तेव्हा मुंबईच्या उत्तरेचे एक खेडे होते. त्याआधी तर ते बेटच. ओहोटीला खाडी पायी ओलांडता येई.

शहराजवळ एवढी सपाट, मोकळी जागा गाळानेच तयार केली होती. पण गाळाचे कण अतिशय बारीक, त्यामुळे पाणी लवकर मुरत नाही. शिवाय भरतीला समुद्राची पातळी जमिनीहून वर जाई. मग पावसाचे पाणी वाहून जाणार तरी कोठे?

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून सकाळी ६.३५ वाजता पस मॉथ हे छोटे विमान घेऊन निघाले. सोबत सुमारे २५ किलो टपाल होते. अहमदाबादला बैलगाडीतून आणलेले पेट्रोल भरले आणि दुपारी १.५० ला ते जुहूला उतरले. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रास गाठले. वाटेत रेडिओ नाही, दिवे नाहीत. आणि या सेवेला सरकारी अनुदानही नव्हते! तारीख पाहा: पावसाळा संपल्यानंतरची. पावसाळ्यात ही सेवा जुहूऐवजी पुण्याहून चालवावी लागे.

वर्गात नकाशा उघडून अहमदाबाद आणि जुहू सरळ रेषेने जोडावे. ती वसई तालुक्यातील निर्मळच्या जवळून जाते. तेथून जुहू सुमारे ३३ किलोमीटर. ताशी १६५ किलोमीटर वेगाने किती मिनिटे लागतील, हे निर्मळच्या मुलांनी जरूर काढावे.

१९४८ मध्ये प्रवासी वाहतूक सांताक्रूझला गेली. पण जुहूचे नाव वैमानिकांच्या ध्यानात राहिले ते एका वेगळ्याच कारणाने. धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिच्या चुंबकीय दिशेचे अंश भागिले दहा. जुहूची मुख्य धावपट्टी ०८–२६, सांताक्रूझची ०९–२७. म्हणजे दिशेत फरक जेमतेम दहा अंशांचा, आणि दोन्ही विमानतळ अगदी शेजारी. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूलाच उतरले. धावपट्टी तोकडी पडली, विमान पुढे घसरत गेले आणि निकामी झाले.

आता येथून मुख्यतः हेलिकॉप्टरे उडतात, ‘बॉम्बे हाय’च्या तेलविहिरींकडे. त्यांना लांब धावपट्टी लागत नाही.