खामगावचा कापूस आणि अमेरिकेचं यादवी युद्ध

जलंबहून खामगावला जाणारा तेरा किलोमीटरचा रेल्वे फाटा कशासाठी टाकला, हे शोधत गेलं की माणूस थेट अमेरिकेतल्या गुलामांपर्यंत पोचतो. मी याच भागातला. शिक्षण इंजिनिअरिंगचं, पोट सॉफ्टवेअरवर, इतिहास दहावीला सुटलेला. शाळेत अमेरिकेचं यादवी युद्ध भेटलं ते लिंकनच्या गोष्टीतून. आमच्या काळ्या मातीशी त्याचं काही नातं असेल, असं कुणी सांगितलं नाही.

१८६१ साली युद्ध पेटलं तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांचा जवळपास तीन-चतुर्थांश कापूस अमेरिकेतून, म्हणजे मुख्यतः गुलामांच्या हातून येत होता. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं कोंडली आणि लँकेशायरचे माग थंडावले. आता माल हवा तर हिंदुस्थानातून. भाव भडकले. त्या पैशावर मुंबईत शेअर्सचं जे वेड माजलं आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच जे दिवाळं वाजलं, त्याचे किस्से बऱ्याच जणांना ठाऊक असतात. वऱ्हाडाचं पुढे काय झालं, ते सहसा कुणी सांगत नाही.

मुंबईचा फुगा फुटला तरी वऱ्हाडातला कापूस थांबला नाही. पुन्हा कधी एकाच देशावर अवलंबून राहायचं नाही, हा धडा मँचेस्टरने घेतला होता. वऱ्हाड १८५३ मध्येच निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेलं. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि १८७० मध्ये खामगावचा फाटा उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. (खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, बुलढाण्यात आलं १९०५ मध्ये.) आमच्याकडचा माल लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ म्हणून विकला जाई. उमरावतीचं, म्हणजे अमरावतीचं, ते व्यापारी रूप.

कापूस वाढत गेला, ज्वारीच्या वाट्याची जमीन त्याच्याकडे गेली आणि धान्य विकत घ्यायची वेळ आली. मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले. पाऊस पडला नाही हे खरंच, पण कणगी रिकामी आणि सावकाराच्या वहीत नाव, अशा कुणब्याला तो दुष्काळ जास्त झोंबला. तिकडे मिसिसिपीत गुलामीतून सुटलेला माणूस दुकानदाराकडून उधारीवर बी-बियाणं आणि पीठ घेऊन त्याच्या बदल्यात उभं पीक गहाण टाकत होता. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल. दोघांच्या मालाचा भाव मात्र लिव्हरपूललाच ठरायचा.

अमेरिकेत या आठवणींवरून अजून भांडणं होतात. गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनापती लीचा पुतळा रिचमंडमध्ये १८९० साली उभारला, तो २०२१ मध्ये उतरवला. मॉन्टगोमेरीत २०१८ पासून आठशेहून अधिक पोलादी स्तंभ आहेत. एकेका परगण्याचा एकेक स्तंभ, त्यावर जमावाने मारलेल्या काळ्या माणसांची नावं. मला हे परगण्यांनुसार मांडणं फार पटलं. देशाच्या नावाने शरम वाटणं सोपं असतं, पण स्तंभावर आपल्याच परगण्याचं नाव वाचलं की पळवाट उरत नाही.

मराठीत त्या युद्धाचं स्मारक दगडाचं नाही, कागदाचं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. त्यांचं वागणं बघून आपल्या देशबांधवांनी इथल्या शूद्रांना सोडवावं, ही त्यामागची आशा. ती अर्पणपत्रिका आपण भाषणांतून सांगतो, पण गुलामी संपवणाऱ्या त्याच युद्धाने आमच्या शेतकऱ्याला कुठल्या बाजारात नेऊन बांधलं, हे तिच्याशेजारी ठेवून वाचत नाही. त्या वर्षी खामगावचा फाटा तीन वर्षांचा होता.

खामगाव स्थानकात एखादा फलक लावावा, असं मला फार वाटतं. मेयोंचं नाव त्यावर येईलच. माझं म्हणणं एवढंच, की त्याच्या वरच्या ओळीत गुलामांचा उल्लेख असावा आणि खालच्या ओळीत दुष्काळाची वर्षं.