बारावी फेरी, दोन मिनिटं नऊ सेकंद

न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, शनिवार, २४ मार्च १९६२. १४७ पौंडांच्या आतल्या वेल्टरवेट गटाचं जगज्जेतेपद पणाला लागलेलं. विजेता क्यूबाचा बेनी 'किड' पॅरेट, आव्हानवीर एमिल ग्रिफिथ. फेऱ्या १५, प्रत्येक तीन मिनिटांची आणि मधे मिनिटभर विसावा. लढत थांबली ती बाराव्या फेरीत, दोन मिनिटं नऊ सेकंदांवर. घड्याळ इतकं पक्कं असल्यामुळे तिथून मागं मोजत जाता येतं.

१७५ दिवस आधी

३० सप्टेंबर १९६१. दोघांची दुसरी गाठ. एप्रिलमध्ये ग्रिफिथनं पॅरेटला तेराव्या फेरीत आडवं करून किताब घेतला होता. या वेळी पॅरेटनं तो गुणांवर परत मिळवला, तोही परीक्षकांचं एकमत नसताना. वजनाच्या वेळी त्यानं ग्रिफिथला स्पॅनिशमधली एक शिवी हासडली : मारिकॉन. पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषाला हिणवायचा शब्द. ग्रिफिथ कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटाचा. न्यूयॉर्कला येऊन तो बायकांच्या टोप्यांच्या कारखान्यात कामाला लागला, टोप्यांचे नमुनेही करायचा. त्याचं धिप्पाड शरीर बघून त्याला बॉक्सिंगकडे वळवलं ते कारखान्याच्या मालकानंच. आवाज मऊ, कपडे नेटके. कुजबुजायला लोकांना एवढं पुरे होतं.

१०५ दिवस आधी

९ डिसेंबर, लास वेगास. ही तारीख या गोष्टीत फारशी कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची आहे. किताब परत मिळून सत्तर दिवस झाले नाहीत तोच पॅरेटला त्याच्या मॅनेजरनं, मॅन्युएल अल्फारोनं, वरच्या गटात उतरवलं. समोर १६० पौंडांच्या मिडलवेट गटाचा विजेता जीन फुलमर, बैलासारखा अंगावर येणारा. दहा फेऱ्या पॅरेटनं मार खाल्ला आणि दहाव्या फेरीत तो संपला. आपण दुसऱ्या कुणाला इतकं मारलेलं नाही, असं फुलमर स्वतःच पुढे म्हणाला.

पॅरेट उसाच्या मळ्यात राबून वर आलेला. मार सोसणं हेच त्याचं भांडवल. ठोसे खायचे, समोरच्याला दमवायचं आणि मग उलटायचं, ही त्याची रीत. असल्या माणसाचं पोरगेलं हसू पाहून त्याच्या डोक्यात काय झालंय ते कळत नाही. साडेतीन महिन्यांत तो पुन्हा रिंगणात उभा राहिला, आणि त्याला अडवायचा अधिकार असलेल्या कुणीही त्याला अडवलं नाही.

लढतीच्या दिवशी, वजन

ग्रिफिथ काट्यावर उभा असताना पॅरेट मागून आला, त्याच्या पार्श्वभागाला हात लावला आणि पुन्हा तोच शब्द. ग्रिफिथ तिथंच त्याच्यावर धावून जाणार होता. प्रशिक्षक गिल क्लॅन्सीनं आवरलं : हा राग रात्रीसाठी ठेव. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांना तो शब्द सरळ छापवला नाही. आडून आडून, सोवळ्यात ठेवून सांगितला गेला.

४६ मिनिटं आधी

पहिली घंटा. एबीसी वाहिनीवर देशभर थेट प्रक्षेपण. समालोचक डॉन डन्फी. रेफरी रूबी गोल्डस्टीन, अनुभवी आणि नाणावलेला. मराठीत ठोसाही पंच आणि रेफरीही पंच. त्या रात्री दोन्ही एकाच कोपऱ्यात होते.

२३ मिनिटं आधी

सहावी फेरी संपत आलेली. पॅरेटचा ठोसा बरोबर बसला आणि ग्रिफिथ खाली कोसळला. आठ आकडे मोजून होईपर्यंत तो उठला, आणि घंटेनं त्याला वाचवलं. आणखी अर्धं मिनिट उरलं असतं तर कदाचित आज आपण दुसरीच गोष्ट सांगत असतो.

३ मिनिटं आधी

अकरावी संपली. मधल्या फेऱ्यांत पारडं फिरलं होतं, दहाव्या फेरीत पॅरेट बेजार झाला होता. स्टुलावर बसलेल्या ग्रिफिथला क्लॅन्सीनं बजावलं : आत शिरलास की मारत राहा, तो तुला मिठी मारेपर्यंत किंवा रेफरी ओढेपर्यंत थांबायचं नाही. यात वावगं काहीच नव्हतं, सगळेच प्रशिक्षक हेच सांगतात. समोरच्या कोपऱ्यात अल्फारोनं टॉवेल टाकला नाही.

काही सेकंद आधी

बारावी फेरी रेंगाळली होती. इतकी, की डन्फी प्रेक्षकांना सांगत होता : या लढतीतली बहुधा हीच सगळ्यात थंड फेरी.

त्याचं बोलणं होतं न होतं तोच ग्रिफिथनं पॅरेटला कोपऱ्यात कोंडलं. पॅरेटचं डोकं दोरांबाहेर झुकलं, हात निकामी. तो पडूही शकत नव्हता, कारण दोरांनीच त्याला उभं धरलं होतं. ग्रिफिथचा उजवा हात एकाच जागी येत राहिला. ठोसे किती, यावर मोजणाऱ्यांत एकमत नाही. कुणी अठरा म्हणतं, कुणी एकोणतीस. गोल्डस्टीन हाताच्या अंतरावर होता. पॅरेट दमल्याचं सोंग करतो ही त्याची ख्याती रेफरीलाही ठाऊक होती. अखेर त्यानं ग्रिफिथला मागून कवळा घालून ओढलं, तेव्हा पॅरेट सावकाश, घसरत खाली बसला.

नंतर

ग्रिफिथची मुलाखत रिंगणातच झाली आणि तेच ठोसे स्लो मोशनमध्ये पुन्हा दाखवले गेले. घराघरांत लोकांनी ते दोनदा पाहिले.

पॅरेटला स्ट्रेचरवरून रूझवेल्ट इस्पितळात नेलं, मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. तो शुद्धीवर आलाच नाही. ३ एप्रिलला गेला. वय २५. चौकशीत गोल्डस्टीनवर ठपका आला नाही. एबीसीनं १९६४ मध्ये साप्ताहिक बॉक्सिंग बंद केलं.

सांगणारे मात्र त्या शब्दापाशीच थांबतात : शिवी दिली आणि जीव गेला. कथा म्हणून ते चोख बसतं, आणि मॅनेजर, डॉक्टर, बॉक्सिंग कमिशन सगळे त्यातून सुटतात. खुद्द ग्रिफिथ म्हणत राहिला की पॅरेटला जिवे मारायचं माझ्या मनात नव्हतं. त्याला वर्षानुवर्षं पॅरेट स्वप्नात दिसायचा.

१११ दिवसांनी

१३ जुलै, पुन्हा लास वेगास. ग्रिफिथ किताब राखायला उतरला. समोर राल्फ डुपास. पंधराच्या पंधरा फेऱ्या झाल्या, आणि ग्रिफिथ गुणांवर जिंकला.