किमतीशेजारचा आकडा

अमेरिकेत १९९०च्या कायद्याने पाकीटबंद खाद्यपदार्थांवर पोषणमूल्ये छापणे सक्तीचे झाले. हॉटेले मात्र सुटली. लठ्ठपणा, मधुमेह वाढत होता. न्यूयॉर्कच्या आरोग्य मंडळाने २००६ साली नियम केला आणि गंमत पाहा, तो आपणहून कॅलरी सांगणाऱ्या हॉटेलांपुरताच! म्हणजे सांगेल तो अडकेल, लपवेल तो सुटेल. आपणहून केलेल्या दाव्यांवर केंद्राचा कायदा चालतो, शहराचा नव्हे, असे म्हणत कोर्टाने २००७मध्ये तो रद्द केला. मंडळ हटले नाही. देशभरात १५ वा अधिक शाखा असलेल्या सगळ्याच साखळी हॉटेलांना त्याने २००८मध्ये बांधून घेतले. बर्गरच्या किमतीशेजारी कॅलरी झळकल्या. देशव्यापी तरतूद २०१०मध्ये झाली, अंमलाला मात्र मे २०१८ उजाडला. आपल्याकडे दहा वा अधिक शाखांच्या साखळ्यांना २०२२पासून हा नियम लागला. कोपऱ्यावरची वडापावची गाडी त्यातून सुटली, हे बरेच!