अजिंठ्याची भिंत आणि क्ष-किरण

नांदेड जिल्ह्यांतील हिमायतनगर, म्हणजे जुनें वाढोणा, अजिंठ्यापासून पुष्कळ दूर आहे. तथापि १९४८ पर्यंत हीं दोन्ही ठिकाणें एकाच निजामी राज्यांत होतीं. त्या राज्यानें अजिंठ्याच्या चित्रांसाठीं जो खटाटोप केला, त्यांत हिमायतनगरासारख्या गांवांतील देवळांच्या पंचांनीं घ्यावा असा एक धडा आहे, असें आम्हांस वाटतें.

१८१९ सालीं जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस हीं लेणीं पडलीं. तेव्हांपासून चित्रांची कीर्ति वाढली, तशी त्यांची हानिही वाढली. १९१४ सालीं हैदराबाद सरकारनें पुराणवस्तुखातें स्थापिलें आणि १९२० सालीं चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन कारागिरांस पाचारण केलें. त्यांनीं सुटलेले पोपडे बसविले आणि चित्रांवर लाखेचा पातळ लेप दिला. हेतु उत्तम होता. परंतु कालांतरानें लेप पिवळा पडला, त्यानें धूळ धरली आणि मूळ रंग झांकोळले.

वास्तविक अजिंठ्याचीं चित्रें युरोपांतल्याप्रमाणें ओल्या चुन्यावर काढलेलीं नाहींत. माती, भुसा व तंतु यांच्या गिलाव्यावर पातळ पांढरा हात देऊन, तो वाळल्यावर तीं रंगविलेलीं आहेत. अशा नाजूक थरांची प्रकृति जाणल्यावांचून औषध देणें धोक्याचें. नवल हें, कीं प्रकृति पाहण्याचें साधन तेव्हां निघालेलें होतें. तें फक्त भिंतीपर्यंत पोहोंचलें नव्हतें.

१८९५ सालीं राँटगेननें क्ष-किरण शोधले. १९१२ सालीं लाउए यानें स्फटिकांतून ते विशिष्ट दिशांनीं वळतात असें दाखविलें, आणि ब्रॅग पितापुत्रांनीं त्या कोनांवरून अणूंच्या थरांमधील अंतर मोजण्याची रीत दिली. १९१३ सालीं मोझलेनें प्रत्येक मूलद्रव्याचे क्ष-किरण निराळे असतात हें सिद्ध केलें. पहिल्या रीतीनें खनिजाची रचना कळते, दुसरीनें त्यांतील द्रव्यें. आणि दुसरीस पुष्कळदां भिंत खरवडावीही लागत नाहीं.

या पद्धतींनीं इतिहासही उलगडतो. अजिंठ्याचा हिरवा रंग ज्या खनिजाचा, तें दख्खनच्या काळ्या पाषाणांतच सांपडतें. निळा मात्र लाजवर्दाचा, म्हणजे दूर अफगाणिस्तानांतील बदख्शानचा. तांब्यापासून केलेल्या निळ्यांत तांब्याची खूण उमटते, लाजवर्दांत ती नसते. वाकाटककालीन व्यापाराची साक्ष अशी एका रेषेंत सांठविलेली आहे.

तथापि क्ष-किरण सर्वज्ञ नव्हेत. लाखेच्या लेपांत स्फटिक नाहींत, जड द्रव्यें नाहींत. तेथें ते जवळजवळ मुके होतात आणि अवरक्त किरणांची मदत घ्यावी लागते. म्हणून शहाणा परीक्षक एकाच साक्षीदारावर निकाल देत नाहीं.

आमच्या गांवोगांवच्या जुन्या देवळांवर आज भक्तीपोटीं तैलरंग व सिमेंट चढतें. तो लेप देणाऱ्यांची श्रद्धा खोटी नाहीं, चेक्कोनीचीही नव्हती. परंतु एकदां दिलेला थर काढतांना त्याखालचा जुना थर सोबत निघतो आणि तो पुन्हां मिळत नाहीं. जीर्णोद्धाराच्या वर्गणींतील पहिला रुपया रंगाच्या दुकानीं न जातां परीक्षेच्या कामीं खर्ची पडावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.