तेल विभाजक, सुपरचार्जर इंजिनाचा (घरगुती बांधणी)

इंजिनाच्या क्रँककेसमधून बाहेर पडणाऱ्या वायूंतील तेलाचे तुषार वेगळे काढून साठवणारे साधन. बाजारात ते ‘ऑइल कॅच कॅन’ या नावाने तयार मिळते. हौशी मोटारधारक आणि छोटी गॅरेजे ते स्वतःही बनवतात. बांधणी सोपी असली तरी हा डबा इंजिनाच्या श्वसनमार्गात बसतो, म्हणून त्याची आखणी विचारपूर्वक करावी लागते.

पार्श्वभूमी : सिलिंडरात मिश्रण जळते तेव्हा दाबाखालचा थोडा वायू पिस्टनच्या रिंगांजवळून निसटून क्रँककेसमध्ये उतरतो. गॅरेजात याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात; चांगल्या इंजिनातही तो काही प्रमाणात असतोच. त्यात तेलाचे तुषार, न जळालेले पेट्रोल व पाण्याची वाफ मिसळते. हा वायू कोंडला, तर ऑइल सील व गॅस्केटमधून तेल गळू लागते. पूर्वी तो एका नळीने सरळ रस्त्यावर सोडून देत. धुरक्याचा प्रश्न गंभीर झाल्यावर १९६१च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात आणि १९६३पासून सर्व अमेरिकेत नव्या मोटारींना पीसीव्ही व्हॉल्व्ह बसू लागला. हा व्हॉल्व्ह क्रँककेसमधील वायू इनटेकमध्ये ओढून पुन्हा जाळण्याची सोय करतो. त्यामुळे हवा स्वच्छ राहिली, पण वायूसोबत तेलही इनटेकमध्ये येऊ लागले.

सुपरचार्जर इंजिनातील अडचण : सुपरचार्जर हा इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा हवेचा पंप होय. २००२ ते २००६ या काळातील मिनी कूपर एस मोटारीच्या १.६ लिटर इंजिनावर इटन कंपनीचा एम४५ हा रूट्स जातीचा ब्लोअर होता. त्याच्या नावातील आकडा घनइंचांचा आहे. म्हणजे एका फेऱ्यात तो सुमारे ०.७४ लिटर हवा पुढे ढकलतो. सिलिंडरात जास्त हवा कोंबली की ज्वलनाचा दाब वाढतो आणि रिंगांजवळून निसटणारा वायूही वाढतो. त्यासोबत आलेले तेल ब्लोअरमधून इंटरकूलरमध्ये जाते व आतल्या पत्र्यांवर थर धरते. हवा पूर्वीइतकी थंड होत नाही. उरलेले तेल सिलिंडरात पोहोचते. तेलाचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बराच कमी असल्याने दाबलेल्या गरम हवेत नॉकिंगचा धोका वाढतो. नॉक सेन्सरने तो ओळखला की संगणक ठिणगी उशिरा पाडतो आणि सुपरचार्जरने मिळवलेली ताकद काही अंशी हातची जाते.

कार्यतत्त्व : विभाजनासाठी तीन गोष्टी साधाव्या लागतात. पहिली, वेग कमी करणे. १२ मिमी आतील व्यासाच्या नळीतून वायू ७५ मिमी व्यासाच्या डब्यात शिरला की वाटेचे क्षेत्रफळ सुमारे ३९ पट होते आणि वेग तेवढ्याच पटीने उतरतो. मोठे थेंब खाली बसतात. दुसरी, दिशा बदलणे. आडव्या पट्टीला वळसा घालताना वायू वळतो, पण जड थेंब सरळ जाऊन पट्टीवर आदळतात. तिसरी, पृष्ठभाग व गारवा देणे. अतिसूक्ष्म तुषार वायूबरोबर सहज वळतात. ते बारीक तारेच्या जाळीतच अडकून एकत्र येतात. डबा थंड असेल तर बाष्पही द्रवरूप होते. रिकामा डबा फक्त पहिली गोष्ट साधतो, म्हणून त्यातून बरेच तेल निसटते.

साहित्य व रचना : डब्यासाठी जाड ॲल्युमिनियमची किंवा स्टेनलेस स्टीलची नळी घेतात. ७५ मिमी व्यास व १५० मिमी उंचीच्या नळीत सुमारे ६६० मिलि जागा मिळते. लहान इंजिनाला ती पुरते. वर घट्ट बसणारे झाकण, खाली निचऱ्याची तोटी आणि दोन नळीतोंडे एवढे काम कोणताही लेथवाला करून देतो. वायू आत नेणारी नळी डब्याच्या मध्यापर्यंत खाली उतरवतात, बाहेर जाणारे तोंड वर ठेवतात. दोहोंच्या मधे भोके पाडलेल्या दोन चकत्यांमध्ये भांडी घासायची स्टेनलेस स्टीलची घासणी सैलसर भरतात. साध्या लोखंडी तारेची घासणी वापरू नये. ती गंजते, तिचे तुकडे सुटून ब्लोअरच्या रोटरपर्यंत पोहोचू शकतात. प्लॅस्टिकची बाटली तर वर्ज्यच : थ्रॉटल बंद असताना इनटेकच्या ओढीने ती चेपते, उष्णतेने मऊ पडते.

नळ्या तेल सोसणाऱ्या नायट्राइल रबराच्या असाव्यात. पाण्याच्या नळ्या तेलाने फुगतात. साध्या सिलिकॉन नळीतून तेल हळूहळू पाझरते. मूळ नळीपेक्षा अरुंद तोंड कुठेही ठेवू नये, हा बांधणीतला सर्वांत महत्त्वाचा नियम आहे.

जोडणी : इंजिनाला सहसा दोन श्वासनळ्या असतात. एक पीसीव्ही व्हॉल्व्हमार्गे इनटेकला जाते, दुसरी हेड कव्हरवरून थ्रॉटलच्या आधीच्या हवेच्या नळीला मिळते. पीसीव्हीची नळी ब्लोअरच्या पुढे जोडलेली असेल, तर दाब चढताच व्हॉल्व्ह मिटतो आणि सगळा वायू दुसऱ्या नळीने बाहेर येतो. अशा इंजिनात पूर्ण थ्रॉटलवर तेल येते ते या दुसऱ्या नळीतून. एकच विभाजक लावायचा तर तो इथे लावावा. पीसीव्हीच्या नळीत विभाजक बसवल्यास मूळ व्हॉल्व्ह काढू नये. तो दाब उलटा क्रँककेसमध्ये शिरू देत नाही.

डबा एक्झॉस्टपासून दूर, वाऱ्याच्या झोतात, पक्क्या ब्रॅकेटवर बसवतात. नळीत कुठेही खोलगट झोळ राहू देऊ नये. तिथे तेल साचून वाट अडते. सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत. एअर फ्लो सेन्सर असलेल्या इंजिनात सांध्यातून शिरलेली हवा मोजली जात नाही, मिश्रण पातळ होते व आयडल बिघडते.

काम बरोबर झाले का हे पाहण्याची स्वस्त रीत अशी : पारदर्शक नळी यू आकारात वळवून तीत पाणी भरावे आणि एक टोक डिपस्टिकच्या नळीला घट्ट लावावे. पाण्याच्या दोन पातळ्यांतील १ सेंमी फरक म्हणजे सुमारे १ मिलिबार दाब. विभाजक लावण्यापूर्वी व नंतर, त्याच आरपीएमवर, हे माप घ्यावे. नंतरचा दाब वाढला असेल तर डबा वाट अडवतो आहे; घासणी सैल करावी किंवा तोंडे मोठी करावीत.

देखभाल : एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातील थोडे क्रँककेसमध्ये उतरते, म्हणून थंडीत डब्यातून दुधट रंगाचे मिश्रण निघते. केवळ त्यावरून हेड गॅस्केट गेल्याचा निष्कर्ष काढू नये. कूलंटची पातळीही पाहावी. बर्फाळ प्रदेशात हे पाणी गोठून वाट बंद होते, म्हणून तिथे हिवाळ्यात डबा वरचेवर रिकामा करावा लागतो. निघालेला द्रव इंजिनात परत ओतू नये. त्यात पाणी, पेट्रोल व आम्ले असतात. गटारातही टाकू नये, जुन्या ऑइलबरोबर द्यावा.

नियम : शर्यतीच्या मोटारींत वायू हवेत सोडणारा उघडा डबा चालतो. तेथे एफआयए या संघटनेच्या नियमांनुसार २,००० घसेंमीपर्यंतच्या इंजिनाला किमान २ लिटरचा व त्याहून मोठ्याला ३ लिटरचा डबा लागतो आणि आतली पातळी बाहेरून दिसावी लागते. रस्त्यावरील मोटारींसाठी मात्र बंद मंडलच हवे. भारतातही भारत स्टेज मानकांखाली पेट्रोल इंजिनाच्या क्रँककेसमधून वायू बाहेर सोडण्यास परवानगी नाही. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थांमध्ये नव्या मॉडेलांची तशी चाचणी होते. म्हणून विभाजकाची बाहेर जाणारी नळी इनटेकलाच परत जोडावी.

मर्यादा : विभाजक इनटेक स्वच्छ ठेवतो, इंजिन दुरुस्त करत नाही. डबा पूर्वीपेक्षा लवकर भरू लागला, तर रिंगा झिजल्या आहेत किंवा पीसीव्ही व्हॉल्व्ह अडकला आहे असे समजून कॉम्प्रेशन व लीक-डाउन तपासणी करावी. झिजलेल्या रिंगांवर मोठा डबा हा उपाय नाही.